सगळ्यांचा जामीन

आमच्या कंपनीत सत्तरएक माणसं होती, आणि कॅम्पबॉसनी त्यांतल्या एकालाही कधी नावानं हाक मारली नाही. ते गावानं हाक मारायचे. "ए लांजा, तुझी बनियन दोरीवरनं काढ." "गुहागर, आज पातेली तुझ्याकडे." बिहारकडचा एक सुतार होता, तो सिवान. पॉलिशचं काम करणारा केरळचा माणूस कोल्लम. एकाच गावचे दोघे निघाले तर धाकट्याला वाडीचं नाव मिळायचं. नवा माणूस दोन दिवस बुजायचा आणि तिसऱ्या दिवशी निमूट ओ द्यायला लागायचा.

मी एकदा त्यांना म्हटलं, "अहो, आईबापांनी काहीतरी नाव ठेवलेलं असतं की माणसाला!"

"नाव पासपोर्टात आहे, मॅडम," ते म्हणाले, "आणि पासपोर्ट तुमच्या तिजोरीत. गाव तेवढं त्याच्याजवळ राहिलंय. ते तरी राहू दे."

तिजोरीची किल्ली खरंच माझ्या पर्समध्ये असायची. मला ते तोंडावर मॅडम म्हणत. पण माझ्या माघारी कॅम्पात माझं नाव 'चिंचवड' होतं, हे लांजानं मला फार उशिरा सांगितलं.

ही शारजातली हकिगत आहे. दुबईतली नव्हे. हे मुद्दाम सांगते, कारण तिथे होतो तितकी वर्षं मी सगळ्या नातेवाइकांना 'आम्ही दुबईला असतो' असंच सांगत आले. शारजा म्हटलं की लोक क्रिकेटचं विचारायचे आणि मग विषयच संपायचा. खरी गोष्ट अशी, की दुबईत नोकरी करायची आणि शारजात राहायचं, ही आमच्यासारख्यांची रीतच होती. तिकडे ज्या भाड्यात एक खोली, त्यात इकडे दोन खोल्या आणि वर कपडे वाळत घालायला गॅलरी. माझा नवरा रोज उजाडायच्या आत निघून दुबईच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत उभा राहायचा. मी मात्र शारजाच्या शारजातच, औद्योगिक भागात जायचे. तिथे गॅरेजं, भंगाराची आवारं, लोखंड कापण्याचे कारखाने, आणि त्यांच्या मधे मधे कामगारांचे कॅम्प. माझं माहेर चिंचवडचं. गरम लोखंडाचा आणि ऑइलचा वास मला नवा नव्हता. उलट पहिल्या दिवशी तो नाकात गेला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

आमची कंपनी हॉटेलांसाठी दरवाजे आणि फर्निचर करायची. मी एचआर. म्हणजे कार्डावर एचआर. प्रत्यक्षात व्हिसा, रजा, मेडिकल, चहाची साखर, सगळंच माझ्या गळ्यात. कारखान्याच्या मागच्याच गल्लीत आमचा कॅम्प. एका आवारात समोरासमोर दोन रांगा, बारा खोल्या, खोलीत सहा माणसं, एकावर एक खाटा. त्या आवाराचे राजे म्हणजे कॅम्पबॉस. वॉर्डन, हवालदार, खानावळवाला आणि वेळप्रसंगी नर्स.

ते राजापूरकडचे. उंचीनं बेताचे, पन्नाशी ओलांडलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्याला कडक इस्त्री. ऑफिसात आले की कधी खुर्चीवर बसायचे नाहीत. "बसलं की काम लांबतं," म्हणायचे, आणि दाराला पाठ टेकून उभ्यानंच तासभर बोलायचे. एकवीस वर्षांत ते अरबीतले तीनच शब्द शिकले होते. "उठवायला यल्ला, संपवायला खलास आणि मधल्या सगळ्याला इन्शाल्ला. चौथा शब्द लागतो कोणाला?"

त्यांच्या वेडाचे प्रकार सांगायचे तर अळूपासून सुरुवात करावी लागेल. त्या वाळवंटात त्यांनी अळू लावलं होतं. खोल्यांच्या मागे एसीच्या नळ्यांतून पाणी ठिबकतं, त्या पाण्यावर. कुठला एसी किती पाणी देतो याचा त्यांनी म्हणे महिनाभर डबे लावून अभ्यास केला होता, आणि सात नंबरचा सगळ्यांत दानशूर निघाला. झालं! सात नंबरच्या खोलीनं एसी बंद करायचा नाही असा हुकूम सुटला. जानेवारीच्या थंडीत ती सहा माणसं कानटोप्या घालून झोपायची, पण अळू हिरवंगार. शुक्रवारी सत्तर माणसांना अळूचं फदफदं. सिवानला आधी ते बघवत नव्हतं, पुढे तोच वाटी घेऊन पहिला उभा राहायला लागला. माझ्यासाठी वर्तमानपत्रात गुंडाळून वड्या यायच्या. चिंचेत त्यांचा हात आखडता असायचा. माझा घसा दोन दिवस खवखवायचा, तरी मी एकही वडी टाकली नाही.

दुसरं वेड म्हणजे तारीख. रजेवर निघालेल्या कोणालाही ते घरी तारीख कळवू देत नसत. "येतोय म्हण. कधी ते म्हणू नको." फोनवर बोलताना कोणी चुकून वार जरी सांगितला तरी हे लांबून ओरडायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, तारीख दिली की बाई सहा महिने आधीपासनं दिवस मोजते. मग इथे काहीतरी अडतं आणि तिकडे केलेलं सगळं तसंच राहतं. माझ्या आईनं माझ्यासाठी पुरणाचं करून ठेवलं होतं. मी आलो अकरा दिवसांनी."

लांजा म्हणायचा, "आमचे कॅम्पबॉस म्हणजे फणस. बाहेरनं काटे आणि आत चीक. गरे शोधायला धीर पायजे."

आता जामिनाचं सांगते. त्या काळी तिकडच्या बऱ्याचशा लहान कंपन्या कामगारांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवायच्या. ते कायद्यात बसत नव्हतं हे मलाही ठाऊक होतं. पण सगळेच ठेवतात म्हणून आम्हीही ठेवायचो. माणूस दोन वर्षांनी रजेवर निघाला की पासपोर्ट न्यायला ऑफिसात यायचा, आणि येताना कंपनीतलाच एक जामीन आणायचा. जाणारा परत आला नाही, तर जामिनाची पुढची एक रजा जप्त. म्हणजे त्यानं आणखी दोन वर्षं घरी जायचं नाही. फॉर्म मीच टाइप केला होता, इंग्रजीत, चौकटी आखून, खाली शिक्क्याला जागा सोडून. मालक म्हणाले होते, "व्हेरी प्रोफेशनल." मी घरी येऊन नवऱ्याला ते दोनदा सांगितलं, इतका मला त्याचा अभिमान!

आता असल्या कागदावर कोण सही करणार? आपली रजा म्हणजे काळजाचा तुकडा. सख्खे चुलतभाऊ एकमेकांना टाळायचे. मग जाणारा माणूस कॅम्पबॉसकडे जायचा, आणि कॅम्पबॉस सही करायचे. प्रत्येकाला. माझ्या कपाटातल्या रजेच्या फाइलीत कुठलंही पान काढा, जामिनाच्या चौकटीत एकच सही, वळणदार, शाळामास्तरासारखी.

एकदा देवरुख रजेवर निघाला. पासपोर्ट घेऊन पाया पडून गेला. त्याची पाठ वळल्यावर कॅम्पबॉस मला म्हणाले, "हा काही परत येत नाही."

"कशावरून?"

"त्यानं उशी बांधून घेतली. परत यायचं असलं की माणूस अंथरूण ठेवून जातो."

मी उडालेच. "मग सही कशाला केलीत?"

"त्याला जायचं होतं ना."

"आणि तुमची रजा?"

"माझी रजा काय, दोन वर्षांनी पुन्हा येते. त्याचा बाप अंथरुणाला खिळलाय. बाप येणार आहे का पुन्हा?"

मी चिडले. अगदी मनापासून चिडले. म्हटलं, "हा शुद्ध वेडेपणा आहे. तुमच्या घरी बायको आहे, मुलगी आहे. त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?" माझे वडील आम्हा भावंडांकडून एकच गोष्ट घोकून घ्यायचे: उपाशी राहा, पण कोणाला जामीन राहू नका. ती मी त्यांना ऐकवली.

"बरोबर सांगायचे तुमचे वडील," ते शांतपणे म्हणाले. "फॉर्म तुमचा आहे, सही माझी आहे. तुम्ही तुमचं बघा, मी माझं बघतो."

देवरुख आला नाही. त्याच्या आधीही एक आला नव्हता आणि नंतरही एक आला नाही. तीन माणसं, तीन रजा. आठ वर्षं कॅम्पबॉस घरी गेले नाहीत. ते शेवटचे घरून निघाले तेव्हा त्यांची मुलगी तेरा वर्षांची होती. एकुलती एक. पाकिटात तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता, आणि फोनवर ती बी.एस्सी.चे मार्क सांगत होती. "आता माझ्या खांद्याला लागत असेल का हो?" असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी म्हटलं, "अहो, तुमच्याहून उंचही असेल." ते हसले, पण लगेच विषय बदलला.

चौथी रजा मात्र कोणी हिरावून घेतली नाही. २००९च्या मे महिन्यात ती मिळणार होती, आणि मुलीचं लग्न त्याच हिशेबानं वैशाखात धरलं होतं. रजेचा अर्ज मीच टाइप केला. मालकांनी सही केली तेव्हा कॅम्पबॉस आयुष्यात पहिल्यांदा माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले. "मॅडम, मी तिला तारीख सांगितली," म्हणाले. "ती म्हणाली, बाबा, तारीख सांगितल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही. मग काय करणार? सांगितली." चेहरा असा केला होता, की जसा काही गुन्हाच केलाय.

मग मंदी आली. २००८ची दिवाळी झाली आणि दुबईतली कामं एकामागून एक थांबायला लागली. ज्या हॉटेलासाठी आम्ही दरवाजे करत होतो त्याचं बांधकाम सहाव्या मजल्यावर थांबलं. तीनशे दरवाजे तयार होऊन शेडमध्ये उभे, पॉलिश केलेले, बिजागऱ्या लावलेले, आणि जायला जागा नाही. डिसेंबरात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. त्याला सकाळी अकरा वाजता बोलावलं आणि साडेअकराला तो खोकं घेऊन पार्किंगमध्ये उभा होता. मुलगी चार वर्षांची. तिनं बाबा दुपारी घरी आला म्हणून टाळ्या वाजवल्या. "डॅडी, इज इट फ्रायडे?" तिकडे सुट्टी शुक्रवारची. तो 'येस बेटा' म्हणाला आणि बाथरूममध्ये गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

जानेवारीत मालक आठवड्यासाठी म्हणून परदेशी गेले आणि त्यांचा फोन लागेनासा झाला. कारखाना बंद. सत्तर माणसं खाटांवर बसून. कॅम्पबॉसनी त्यांना बसू दिलं नाही. रोज सकाळी सगळ्यांनी दाढी करायची, कामाचे कपडे घालायचे, आवार झाडायचं आणि हजेरी द्यायची. "काम नाही तर हजेरी कशाला?" असं गुहागरनं विचारलं तर म्हणाले, "काम मालकाचं गेलंय, माणूस अजून जागेवर आहे." रोज दुपारी ते ऑफिसात येऊन दारात उभे राहायचे. तिजोरीकडे नुसतं बघायचे. मागत काही नव्हते. मालकांचा शेवटचा निरोप होता, मी येईपर्यंत एकही पासपोर्ट बाहेर जाता कामा नये, आणि मी, इतकी शहाणी मी, किल्ली पर्समध्ये घालून तो निरोप पाळत बसले होते. मला भीती वाटत होती. कोणाची ते आज सांगता येत नाही.

फेब्रुवारीत मालकांचे एक स्थानिक भागीदार आले. वयस्क, पांढऱ्या दाढीचे, सभ्य गृहस्थ. जुन्या काळी मुंबईला येऊन-जाऊन असलेले, त्यामुळे हिंदी बोलायचे. त्यांनी मला आणि कॅम्पबॉसना बसवलं. म्हणजे मी बसले, कॅम्पबॉस दाराशी उभे. भागीदार म्हणाले, "सब को जाने दो. पासपोर्ट दे दो, टिकट मैं देगा. लेकिन एक आदमी इधर चाहिए."

कंपनी बंद करायची म्हणजे लायसन रद्द करायचं, मशिनं विकायची, दहा कचेऱ्यांतून कागद आणायचे. ते होईपर्यंत कंपनीच्या व्हिसावरचं एक माणूस इथे पाहिजे, जबाबदार म्हणून. त्याचा पासपोर्ट अडकून राहणार. तोवर त्याला देश सोडता येणार नाही, दुसरी नोकरीही धरता येणार नाही. "दो महीना. इन्शाल्ला." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, सब पेपर में आप का नाम है. आप रहेगा तो जल्दी होगा."

त्याच आठवड्यात मला दुबईतल्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी कबूल झाली होती. मार्चच्या एक तारखेपासून. त्या दिवसांत नोकरी मिळणं म्हणजे देव पावण्यासारखं होतं. ती गेली असती तर आम्हाला चंबूगबाळं आवरून चिंचवडला परतावं लागलं असतं. मी म्हटलं, "मुझे घर में पूछना पड़ेगा." घरी विचारायचं काही नव्हतं. मग म्हटलं, "माझी मुलगी लहान आहे हो." हे मराठीत म्हटलं. भागीदारांना म्हटलं की कॅम्पबॉसना, ते मला कळलं नाही.

खोलीत एसीचा तेवढा आवाज.

"मैं रहता है," कॅम्पबॉस म्हणाले.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. लग्नाची तारीख मला पाठ होती. 'यांच्या मुलीचं लग्न आहे, हे नकोत' एवढं एक वाक्य. भागीदार भला माणूस होता, त्यानं काहीतरी दुसरी वाट काढली असती. निदान मला तरी पुन्हा विचारलं असतं. आणि पुन्हा विचारलं असतं, याचीच मला भीती होती. मी मान खाली घालून टेबलावरचे कागद सरळ करत राहिले. आधीच सरळ होते ते. मला लाज वाटते सांगायला, पण आत कुठेतरी मला हायसं वाटलं.

बाहेर आल्यावर तेच मला म्हणाले, "दोन महिने म्हणालेत. लग्नाला तीन आहेत. होतंय."

पासपोर्ट वाटले तो दिवस मी विसरणार नाही. आवारात टेबल मांडलं, मी तिजोरीतला गठ्ठा आणून ठेवला. कॅम्पबॉसनी एकेक पासपोर्ट उघडला आणि त्या दिवशी पहिल्यांदा नावं घेतली. पूर्ण नावं, वडिलांच्या नावासकट, मोठ्या आवाजात. स्वतःचं नाव त्यांच्या तोंडून ऐकून लांजाला उठायलाच सुचेना. शेजाऱ्यानं ढोसला तेव्हा उठला आणि रडायलाच लागला. मग चार दिवस खोकी बांधणं चाललं. सगळ्यांची खोकी कॅम्पबॉसनीच दोरीनं आवळली. सगळ्यांनी उशा बांधून घेतल्या होत्या.

दोन महिन्यांचे तीन झाले. मशिनांना गिऱ्हाईक नव्हतं. अर्धी शारजा मशिनं विकायला बसलेली. एक कागद मिळाला की दुसरा कमी निघायचा. मी नव्या नोकरीत. शुक्रवारी त्यांना डबा घेऊन जायचे. बारा खोल्यांच्या आवारात एकटा माणूस, आणि रोज सकाळी दाढी, इस्त्री. एप्रिल संपत आला तेव्हा मी विचारलं, "घरी कळवलंत?"

"तारीख दिली होती ना," ते म्हणाले. "आता काय तोंडानं कळवू?"

शेवटी कळवलं असावं. लग्नाच्या दिवशी मी मुलीला घेऊन गेले, पेढ्यांचा डबा घेऊन. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि ऊन आत्ताच डोक्यावर आल्यासारखं. कॅम्पबॉस नवा शर्ट घालून आवाराच्या मधोमध उभे होते, कारण फोनला नीट रेंज तिथेच मिळायची. मी म्हटलं, सावलीत बसा. म्हणाले, "मुलीचा बाप बसतो का?" कन्यादान त्यांचा भाऊ करणार होता. फोनचा स्पीकर चालू केला. मंगलाष्टकं, लहान मुलांचा गलका, कोणीतरी 'अक्षता, अक्षता' ओरडतंय. त्यांनी माझ्या मुलीच्या मुठीत तांदूळ दिले, मला दिले. आमच्या समोर भंगाराच्या आवाराची पत्र्याची भिंत होती. तिच्याकडे तोंड करून ते उभे राहिले, कारण गाव त्या दिशेला, आणि प्रत्येक 'सावधान'ला मोजून चार दाणे टाकले. माझ्या मुलीनं विचारलं, "आई, व्हेअर इज द ब्राइड?" मी तिचा हात दाबला. ते तिला म्हणाले, "बाय, ती लांब आहे. पण तिला पोचतंय हो."

शेवटच्या मंगलाष्टकात फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना. ते फोन हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "खलास. झालं असेल." आणि माझ्याकडे न बघता अळवाला पाणी घालायला मागे निघून गेले.

मी त्या दिवशी त्यांची माफी मागायला गेले होते. पेढे देऊन आले.

ते सुटायला आणखी वर्ष लागलं. मी आधी दर शुक्रवारी जायचे, मग महिन्यातून एकदा, मग नुसता फोन. शाळेत कामं असायची, शारजा सोडून आम्ही दुबईतच, अल कुसैसला राहायला गेलो होतो, कारणं काय, काढाल तितकी. एक दिवस त्यांचाच फोन आला, "मॅडम, कागद झाले. जातोय." मी विमानतळावर येते म्हणाले. शाळेत प्रवेशांचे दिवस होते, नाही जमलं.

नंतर सात-आठ वर्षांनी आम्ही चिंचवडला परत आलो, कायमचे. कोकणात फिरायला गेलो तेव्हा लांजाकडून पत्ता घेऊन, आदल्या दिवशी फोन करून मी त्यांच्या घरी गेले. नवरा आणि मुलगी खाली रस्त्यावर गाडीत थांबले. दारात एक बाई उभी होती, उंच, सावळी, कडेवर मूल. मी नाव सांगितलं आणि तिचा चेहरा उजळला. "या, या! बाबा तुमच्यासाठी मासे आणायला बाजारात गेलेत. सकाळपासनं धावपळ चाललीये त्यांची." तिनं पाणी दिलं, चहा टाकला. ती आठ दिवसांसाठी माहेरी आली होती. मग समोर बसून, अगदी मनापासून म्हणाली, "तुमच्याबद्दल बाबा नेहमी सांगतात. माझ्या लग्नाला त्यांना सोडावं म्हणून तुम्ही किती भांडलात. ऑफिसातल्या मॅडमनी शेवटपर्यंत खटपट केली, पण इलाजच नव्हता म्हणाले. मी फार रागावले होते हो त्यांच्यावर. दोन वर्षं धड बोलले नाही. मग त्यांनी हे सांगितलं, तेव्हा राग गेला."

मी हातातला कप खाली ठेवला. गप्प बसले असते तर कोणाचं काय बिघडत होतं? त्या माणसानं स्वतःच्या मुलीसमोरसुद्धा मला सांभाळून घेतलं होतं. पण मला ते सोसेना.

"मी भांडले नाही," मी म्हटलं. "कोणीतरी एकानं मागे राहायचं होतं. आधी मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. तुझ्या लग्नाची तारीख मला माहीत होती, आणि मी ती कोणाला सांगितली नाही. म्हणून ते राहिले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मूल तिच्या मंगळसूत्राशी खेळत होतं, ते तिनं हळूच सोडवून घेतलं. मग गेटाबाहेर, खाली उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे नजर टाकली.

"तुमची मुलगी तेव्हा केवढी होती?" तिनं विचारलं.

"चार वर्षांची."

"मी एकवीसची होते," ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.